बुडबुडा मध्ये येईपर्यंत

माळावर त्या सकाळी काय काय होतं, ते मी मोजलं होतं. बाभळी चार, त्यांतली एक वाळलेली. तिपाई एक, तिच्यावर दुर्बिणीसारखं पितळी यंत्र एक. दूरवर आकड्यांची उंच पट्टी धरून उभा असलेला म्हातारा एक. आणि यंत्राच्या बुडाशी असलेल्या स्क्रूशी डाव्या हाताने झगडणारा, घामेजलेला तरुण – एक.

मोजायला वेळ होता. कंडक्टरने मला एक थांबा आधीच उतरवलं होतं आणि जामखेडची एस.टी. धुरळा उडवत निघून गेली होती.

"अहो बाई," तरुणाने मान वर न करताच हाक मारली, "जरा इकडे येता? इथे एक अंगठा कमी पडतोय."

बॅग खाली ठेवून मी गेले.

"डावीकडचा स्क्रू माझा, उजवीकडचा तुमचा. दोन्ही अंगठे एकदम आत, नाहीतर दोन्ही एकदम बाहेर. हा बुडबुडा मध्ये आला पाहिजे. हं... आत!"

मी फिरवला. काचेच्या नळीतला बुडबुडा सरळ टोकाला जाऊन बसला.

"पळवलात त्याला!"

"तुम्हीच आत म्हणालात."

"तुमचा अंगठा बाहेर गेला, बाई."

"मला आत-बाहेर कळतं. मी बी.एस्सी. आहे. भौतिकशास्त्र."

"असं होय? मग बुडबुड्याला सांगा तसं."

आता त्याने मान वर केली. उन्हाने बारीक झालेले डोळे, तपकिरी... आणि त्यांत चक्क हसू. मी पुन्हा अंगठा फिरवला, या वेळी त्याच्या अंगठ्याकडे बघत. दोन्ही अंगठे एकाच वेळी एकमेकांकडे वळले, आणि बुडबुडा शहाण्यासारखा मधोमध येऊन थांबला.

"मला रावसाहेब सातपुत्यांना भेटायचंय," मी म्हणाले. "पाझर तलावाच्या कामावर मदतनीस म्हणून नेमणूक आहे माझी."

"जपून राहा. तिरसट माणूस आहे म्हणतात."

"असू दे. मला काय त्यांच्याशी संसार करायचाय?"

एवढ्यात पट्टी खांद्यावर टाकून म्हातारा जवळ आला होता. तो तोंडावर हात धरून हसू लागला. "अवो बाई, ह्येच की रावसायेब!"

माझे कान तापले. सकाळच्या उन्हाने तापावेत, त्याहून जास्त.

ते त्र्याहत्तर साल होतं. दुष्काळी कामं जागोजाग निघाली होती आणि इंजिनियर पुरत नव्हते, म्हणून माझ्यासारख्यांनाही घेतलं जात होतं. कानिफनाथ सातपुते या कामावरचे ओव्हरसियर. कामावरच्या बायकांपासून सगळेच त्यांना रावसाहेब म्हणत, म्हणून मीही तेच म्हणत राहिले. पट्टी धरणारे ते गहिनीनाथ, आमचे खलाशी, म्हणजे मोजणीचं सामान वाहणारे गडी. ते सगळ्यांचेच मामा.

काम असं होतं. गहिनीमामा पट्टी उभी धरायचे, रावसाहेब दुर्बिणीतून आकडा वाचायचे, मी लिहून घ्यायची. त्या आकड्यांवरून जमिनीचा चढ-उतार कळायचा आणि त्यावरून बांध किती उंच घालायचा ते ठरायचं. दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गहिनीमामा डोक्यावर उभे होते आणि धोतर मात्र जागच्या जागी होतं. मी इतकी हसले की तिपाई हलली आणि यंत्र पुन्हा लावावं लागलं.

"आता तिरसट व्हायची वेळ आलीय," रावसाहेब म्हणाले. पण झाले नाहीत.

अकरा वाजले की काम थांबायचं. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागे आणि पट्टीवरचे आकडे दुर्बिणीत पाण्यात पडल्यासारखे नाचत. ऊन कलेपर्यंत बाभळीच्या विरळ सावलीत बसून राहायचं. कोणत्याही कथेत असतो तसा पाऊस आमच्या वाट्याला नव्हता. आमच्या वाट्याला ही थरथरती हवा होती, आणि भाकरी, ठेचा, मडक्यातलं कोमट पाणी... आणि बोलणं.

भाकरी ते डाव्या हाताने मोडायचे. उजवा हात मांडीवर निमूट पडलेला असायचा. त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल फुगवटा असतो, तो तिथे नव्हता. खोलगट झाला होता. दंडाची कातडीही कधीकधी आपोआप फडफडायची, त्यांनी हात हलवलेला नसताना. मी आठवडाभर पाहत होते. शेवटी विचारलंच.

"हाताला काय झालंय?"

"निरीक्षण झालं वाटतं तुमचं पूर्ण?"

"निष्कर्ष राहिलाय."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पुण्याच्या डॉक्टरांनी काढलाय तो. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायू हलवणाऱ्या ज्या नसा असतात ना, त्या हळूहळू मरतात. आधी हात, मग पाय, मग गळा. औषध नाही."

"किती...?"

"तीन वर्षं म्हणाले. एखाद्याला जास्तही."

समोरच्या माळावर हवा थरथरत होती.

"आणि डोळे?" मी विचारलं. माझ्या डोक्यात तेवढंच आलं.

"डोळ्यांना नाही होत काही. डोक्यालाही नाही."

"म्हणजे वाचायचं तुम्ही, हिशेब तुम्ही. उरला अंगठा. तो माझ्याकडे आहे."

त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मुक्ताबाई," ते म्हणाले, "हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं अजून."

त्यानंतर यंत्र लावायला आम्हाला बोलावं लागत नसे. त्यांचा डावा, माझा उजवा. कधी कधी बुडबुडा मध्ये आल्यावरही अंगठे तिथेच राहायचे... आणि गहिनीमामा लांबून ओरडायचे, "धरून ठिवू का निजू जरा?"

मार्च संपता संपता आमचे वरिष्ठ, डेप्युटी इंजिनियरसाहेब, जीप घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. बाभळीखाली बसून त्यांनी आधी प्रकृती विचारली.

"सातपुते, मला तुमचं नुकसान करायचं नाही," ते म्हणाले. "पण बांधाची उंची चुकली तर खाली गाव आहे."

"खरंय, साहेब."

"उद्या माझ्यासमोर तलावाला वेढा घाला. स्क्रू कुणीही फिरवो, वाचन तुमचं. जिथून निघाल तिथेच परत या, उंची तीच यायला हवी. किलोमीटरभराचा फेरा आहे. चोवीस मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर सोमवारपासून नगरच्या ऑफिसात टेबलावर बसायचं."

टेबलावर लिहावं लागतं, आणि लिहिता हात तर गेलेला. नगरचं टेबल म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत घर, हे त्या सावलीत बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच आम्ही निघालो. सुरुवात नेहमीच्या दगडापासून. तो जमिनीत घट्ट रुतलेला काळा दगड, त्याच्या माथ्यावर रावसाहेबांनीच तेलरंगाने लाल ठिपका काढलेला. त्याची उंची आम्ही शंभर मीटर धरली होती. रोज काम सुरू करण्याआधी ते वाकून त्या ठिपक्यावरची धूळ हाताने पुसत. आजही पुसली. अकरापर्यंत अर्धा फेरा झाला. हवा नाचू लागली आणि आम्ही बाभळीखाली येऊन बसलो. डेप्युटीसाहेब जीपमध्ये डोळे मिटून पडले होते.

"रावसाहेब," मी हळूच म्हणाले, "फरक चोवीसच्या आत आला तर तुम्ही केडगावला यायचं. आमच्या घरी. माझ्या वडिलांना भेटायला."

त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "कशासाठी?"

"पहिल्या दिवशी मी म्हणाले होते की संसार करायचा नाहीये. तो निष्कर्ष घाईचा होता."

"मुक्ता..." ते पहिल्यांदाच नुसतं मुक्ता म्हणाले. "तुला हिशेब येतो. तीन वर्षं म्हणजे काय ते कळतं तुला."

"येतो हिशेब. म्हणून तर वाया घालवत नाहीये एकही."

"मी भार होईन."

"व्हाल. तेव्हा मी चिडेनही. आत्ता प्रश्न एवढाच आहे, की येणार का?"

"आणि फरक चोवीसच्या बाहेर गेला तर?"

"तरीही यायचं. फक्त एस.टी.त वाटभर मी तुमच्याशी बोलणार नाही."

ते हसले नाहीत. हातातला तुकडा परत फडक्यात ठेवून माळाकडे तोंड करून बसले.

ऊन कलल्यावर उरलेला फेरा घातला. वाराही पडला होता. शेवटचं यंत्र लावलं... त्यांचा डावा, माझा उजवा. लांब दगडापाशी गहिनीमामा पट्टी धरून उभे राहिले. रावसाहेबांनी डोळा लावला.

"एक मीटर चारशे सत्तर."

यायला हवा होता एक मीटर तीनशे पंच्याऐंशी. मी वजाबाकी दोनदा केली.

"किती?" डेप्युटीसाहेबांनी विचारलं.

"पंच्याऐंशी मिलिमीटर," मी म्हणाले.

साहेबांनी नुसती मान हलवली. रावसाहेब दुर्बिणीपासून मागे सरले. "कुठेतरी तिपाईला माझा धक्का लागला असणार," ते म्हणाले. मग फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, "वाटभर बोलणार नाहीस, एवढीच शिक्षा ना? सोसेन मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण पंच्याऐंशी हा आकडा मला पटत नव्हता. धक्क्याने एवढा फरक पडला असता तर बुडबुडा हलला असता, आणि तो मी प्रत्येक वाचनाआधी पाहिला होता.

"यंत्राला कुणी हात लावू नका," असं म्हणून मी दगडाकडे चालत गेले.

लाल ठिपक्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. पुढे फोडलेला नारळ. आणि गहिनीमामांची पट्टी दगडाच्या माथ्यावर नव्हती. शेजारच्या बुटक्या दगडावर होती.

"मामा! इथे का धरलीत?"

"बाई, सकाळी नुसता धोंडा हुता. आता देव झालाय न्हवं का? देवाच्या डोस्क्यावर लोखंड कसं ठिवू?"

"कुणी केलं हे?"

मातीची पाटी खाली ठेवून छबूबाई पुढे आली. बायकांच्या टोळीची मुकादम ती, बोलायला फटकळ. आज तिने खाली पाहिलं.

"म्या. रावसायेब रोज वाकून हात लावत्यात त्याला. आमी म्हनलं जागृत असंल. त्येंच्या हाताला गुन यावा म्हनून दुपारी नारळ फोडला. काय चुकलं का, बाई?"

मी तिचा हात धरला. "नाही मावशी. पण आज रावसाहेबांच्या कामाची परीक्षा आहे, आणि ती याच दगडावर पुरी होते. पट्टी त्याच्या माथ्यावर ठेवली नाही तर ते हे काम सोडून जातील."

"जातील? कुटं?"

"नगरला. मग घरी."

छबूबाईने दगडाकडे पाहिलं, लांब तिपाईपाशी उभ्या असलेल्या त्या बारीक माणसाकडे पाहिलं. मग कपाळ टेकलं.

"देवा, तुझ्याच लेकराचं मोजमाप हाय. घडीभर सोस." तिने पदराने कुंकू पुसलं, नारळ बाजूला केला. "ठिव रं गहिनी. भितोस काय? पाप माझ्या माथी."

मामांनी आधी पायातल्या वहाणा काढल्या, पट्टीचं बूड धोतराच्या सोग्याने पुसलं आणि ती ठिपक्यावर अलगद टेकवली.

मी धावत परत आले. डेप्युटीसाहेब शेजारी येऊन उभे होते. बुडबुडा पाहिला. मध्ये होता. रावसाहेबांनी डोळा लावला. त्यांचा उजवा हात माझ्या हाताला चिकटून होता, आणि त्यातली ती बारीक फडफड मला जाणवत होती.

"एक मीटर तीनशे नव्वद," त्यांनी वाचलं.

मी वजाबाकी केली आणि दोघांना ऐकू जाईल अशी सांगितली. फरक पाच मिलिमीटर.