भाट्यावरचा शेवटचा शॉट

१९८६ च्या फेब्रुवारीत भाट्याच्या किनाऱ्यावर सिनेमाचं युनिट उतरलं, तेव्हा मेकअपसाठी गावातल्या खुर्शीदबींच्या घराची पडवी घेतली होती. रत्नागिरीहून पूल ओलांडून आलं की सुरूच्या बनामागे, माडांच्या सावलीत ते जांभ्या दगडाचं घर दिसायचं. पडवीच्या खांबाला आरसा टांगलेला, समोर लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत कुंदा शेजवलकर डोळे मिटून बसलेली. मेकअपमन तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणखी काळी करत होता. भूमिकाच तशी होती. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई.

कुंदा चौतीस वर्षांची होती. एके काळी तिला बेबी कुंदा म्हणत. नऊ वर्षांची असताना तिनं एका चित्रपटात बापाच्या होडीमागे धावणाऱ्या मुलीचं काम केलं होतं, आणि त्यातली ‘बाबाऽ’ ही एक हाक ऐकून थिएटरात बायका पदर डोळ्यांना लावायच्या. त्या हाकेच्या जोरावर तिला पुढे चार चित्रपट मिळाले. चारही पडले. दिग्दर्शक म्हणायचे, पोरगी बोलते सगळं नीट, पण आवाजात कुणी नसतं. बाराव्या वर्षी ते सगळं संपलं. मग शाळा, टायपिंग आणि दादरच्या एका कचेरीत अकरा वर्षं नोकरी. आता केळुसकर नावाच्या तरुण दिग्दर्शकानं तिला शोधून काढलं होतं, आणि कुंदानं राजीनामा देऊन टाकला होता. हे जमलं नाही तर पुढे काय, याचा विचार ती करत नव्हती.

युनिटची व्यवस्था पालीचा सखाराम बघायचा. तोंडाळ, पण मनानं चांगला. खुर्शीदबी कोकमाचं सरबत घेऊन आल्या तसा तो म्हणाला, “काय चाची, ओळखलंत का यांना? पंचवीस वर्षांपूर्वी हितंच शूटिंग झालं होतं बघा. होडीमागं धावणारी पोर. तीच ही!”

खुर्शीदबींनी पेला कुंदाच्या हातात दिला. साठीची बाई, नाकात बारीक चमकी, हात कष्टानं खरबरीत झालेले. त्यांनी कुंदाचा चेहरा बराच वेळ निरखला.

“ही ती नाय,” त्या म्हणाल्या.

कुंदा हसली. “मीच ती. आता मोठी झाले, म्हणून ओळखू येत नसेन.”

“नाय गो बाय,” खुर्शीदबी अगदी सहज म्हणाल्या. “ती पोर हितंच राहिली.”

आणि रिकामं तबक घेऊन त्या आत गेल्या. सखारामनं कपाळाशी बोट फिरवून डोळा मिचकावला. मेकअपमननं पुन्हा गालावर स्पंज फिरवायला सुरुवात केली. स्पंज नको इतका गार लागत होता.

त्या जुन्या शूटिंगचं कुंदाला थोडंच आठवत होतं. शेवटचा शॉट. होडी आत चाललेली, ती मागे धावत पाण्यात शिरलेली. कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही, असं आईनं बजावलेलं. मग एक लाट. त्यापुढचं आठवत होतं ते एकदम जीपमध्ये, घोंगडीत गुंडाळलेलं अंग आणि ताप. दोन दिवस ती बोलली नव्हती म्हणे. बरी झाल्यावर घरी आली तेव्हा आईनं तिचं अंथरूण वेगळं घातलं. तोवर ती आईच्या कुशीत झोपायची. कारण तिनं विचारलं नाही, आणि आईनंही मरेपर्यंत कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तालीम होती. कुंदानं गुडघाभर पाण्यात उभं राहून नवऱ्याला हाक मारायची होती. हाक इथेच, लाटांच्या आवाजासकट मुद्रित करायची, असा केळुसकरचा हट्ट होता. होडीत खुर्शीदबींचा नवरा जैनुद्दीन तांडेल बसला होता. जुन्या चित्रपटातही होडी त्याचीच होती.

कुंदानं हाक मारली. पुन्हा मारली. सात वेळा मारली.

ध्वनिमुद्रण करणारा बाबू कानावरचे हेडफोन सारखे करत राहिला. केळुसकर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “ताई, शब्द येतोय. पण…” मग म्हणाला, “उद्या सकाळी भरतीला थेट टेकच घेऊ. तुम्ही आराम करा.”

त्याच्या आवाजातली ती काळजी कुंदानं बारा वर्षांची असताना पुष्कळ ऐकली होती. मान खाली घालून ती घराकडे निघाली. भरदुपार होती. युनिट सुरूच्या सावलीत जेवत होतं. मागच्या अंगानं गेलं तर कुणाची गाठ पडणार नाही, म्हणून ती विहिरीकडून वळली.

विहिरीजवळच्या दोरीवर एक पिवळा फ्रॉक वाळत होता.

कुंदा थांबली. उजव्या बाहीला निळ्या दोऱ्यानं घातलेली टीप होती. पिवळा दोरा संपला होता त्या सकाळी. आई पुटपुटत, निळ्या दोऱ्यानं बाही शिवत होती आणि ती एका पायावर उभी होती. हे तिला इतकं स्वच्छ आठवलं की पाय तापलेल्या मातीवर भाजतोय, हेही कळलं नाही.

फ्रॉकमधून पाणी ठिबकत होतं. खाली वाळूत लहानसा खळगा पडला होता. तिनं कापड चिमटीत धरलं, बोटं जिभेला लावली. खारट.

“धरू नको गो,” मागून खुर्शीदबी म्हणाल्या. “तिला आवडायचं नाय.”

“हा माझा आहे,” कुंदा म्हणाली. “माझे कपडे बदलले तेव्हा इथे राहिला असेल. तुम्ही जपून ठेवलात. पण ओला कशानं? समुद्रात धुतलात?”

“गोड्या पाण्यात धुतंय मी. विहिरीच्या. रोज सकाळी परत भिजलेला असतो.”

खुर्शीदबी पायरीवर बसल्या. त्यांच्या पायाशी एका बशीत भात आणि माशाचं कालवण होतं, पानानं झाकलेलं.

“तुमची गाडी गेली त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “दिवस मावळायच्या आधी. मी हितंच बसलेली. किनाऱ्याकडून ओली पोर आली. हाच फ्रॉक. म्हणाली, झालं का? मी म्हटलं, काय झालं का? तर परत तेच. झालं का? मी आमच्या ह्यांना हाक मारली, मागं वळून बघतंय तर फ्रॉक तेवढा पायरीवर.”

“मग?”

“मग काय. मूल होतं. जेवायला घातलं.”

“तुम्हाला ती… दिसते?”

“त्यानंतर दिसली नाय कधी. कपडा भिजतो. भात संपतो.”

कुंदा स्वतःला समजावत राहिली. बाईला मूलबाळ नाही. फ्रॉक सापडला, त्यात जीव गुंतला. भात मांजर खात असेल. खाऱ्या पाण्यात फ्रॉक बुडवायला कितीसा वेळ लागतो? असं एकेक कारण तिनं मनात लावून ठेवलं, आणि ती सगळी पटण्यासारखी होती.

तेवढ्यात खुर्शीदबींनी तिच्या हातावर हात ठेवला. अगदी मायेनं विचारलं, “ती हितं आहे. मग तू कोण गो?”

कुंदा हात सोडवून निघाली ती थेट रत्नागिरीच्या लॉजवर जाऊन दार लावून बसली. आरशावर तिनं टॉवेल टाकला. का टाकला, ते तिला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला भरती होती. ऊन लख्ख होतं. रिफ्लेक्टर धरून माणसं उभी होती, बघायला गाव जमलं होतं. कुंदाला पळून जावंसं वाटत होतं, पण जायचं कुठे? कचेरीतल्या तिच्या खुर्चीवर एव्हाना दुसरं कुणी बसलं होतं. ती पाण्यात उतरली. पाणी पोटऱ्यांना लागलं. मग गुडघ्यांना.

“कॅमेरा,” केळुसकर म्हणाला. क्लॅप वाजली.

जैनुद्दीनची होडी हळूहळू आत जायला लागली. कुंदानं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. चार सेकंद, पाच सेकंद.

तेव्हा पाण्याखाली तिच्या पदराला हिसका बसला.

ओढ लाटेची नव्हती. लाट सगळं लुगडं ओढते. हा पदर एकाच जागी मुठीत धरला होता, खाली, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर.

मग तिच्या हातात हात आला. लहान. गार. बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यावर सुरकुततात तशी.

ओरडायला म्हणून कुंदानं श्वास घेतला, आणि तिच्या घशातून हाक बाहेर पडली.

“बाबाऽऽऽ!”

संहितेत तो शब्द नव्हता. तो आवाजही चौतीस वर्षांच्या बाईचा नव्हता. किनाऱ्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. बाबूनं हेडफोन कानावरून काढले आणि तो त्या हेडफोनकडेच बघत राहिला.

हात पुढे ओढू लागला.

कुंदा चालू लागली. पाणी कमरेला आलं. तिला थांबायचं होतं, पण पाय तिचं ऐकत नव्हते. मागे कुणीच काही बोलेना. केळुसकर भान हरपून बघत होता. कॅमेरा चालू होता.

पाणी छातीला लागलं.

पुन्हा हाक आली. या वेळी तिचं तोंड मिटलेलं होतं.

होडीत जैनुद्दीन उभा राहिला. दोन्ही हात हलवत तो जीव खाऊन ओरडला, “कट बोला! अरे, कट बोला रे कुणीतरी! त्या वेळी पण कोन बोललं नव्हतं!”

केळुसकर दचकला. “कट!” तो म्हणाला. मग मोठ्यानं, “कट! कट!”

ओढ थांबली.

पाणी स्तब्ध वाटलं. तिच्या छातीपाशी, अगदी जवळ, कुणीतरी विचारलं, “झालं?”

कुंदाचे दात वाजत होते. “झालं,” ती म्हणाली.

तिला चौघांनी बाहेर काढलं. केळुसकर रडत होता, हसत होता, तिचे हात धरून म्हणत होता, “ताई, कुठून आणलीत ती हाक?” त्या हाकेनं कुंदाला खरोखरच पुन्हा उभं केलं. त्या वर्षाअखेर तिच्याकडे तीन चित्रपट होते, आणि पुढे कुणीही तिच्या आवाजात कुणी नसतं असं म्हटलं नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी घोंगडीत बसून ती फक्त आपला उजवा हात पुसत होती. पुन्हा पुन्हा पुसत होती.

संध्याकाळी खुर्शीदबी तिच्यापाशी आल्या. डोळे सुजले होते. “फ्रॉक सुकला गो,” त्या म्हणाल्या. “भात तसाच आहे.” मग कुंदाच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर हात फिरवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखारामनं तिला मुंबईच्या एसटीत बसवून दिलं. गाडीत गर्दी नव्हती. दोघांच्या बाकावर ती कडेला बसली आणि पर्स तिनं खिडकीकडच्या जागेवर ठेवली. गाडी गावाबाहेर पडली. कंडक्टर चिमटा वाजवत आला.

“कुठं?”

“मुंबई.”

त्यानं तिकिटं फाडली, टोचली, तिच्या हातात ठेवली. एक फुल आणि एक हाफ.

कुंदा तिकिटांकडे बघत राहिली. कंडक्टर पुढच्या बाकाकडे वळला होता. वळता वळता तो म्हणाला, “बाई, पोरीला खिडकीशी नीट बसू द्या. घाटात गाडी लागते पोरांना.”

कुंदानं शेजारी पाहिलं नाही. फक्त हात लांब करून तिनं खिडकीजवळची पर्स उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.