पांढऱ्या झाकणाचा उजेड

सोमनुकचं फेच्चबुरी शहरात खिळे-पत्र्यांचं दुकान, आणि जीव मात्र पाखरांच्या फोटोंत. त्या दुपारी तो जंगलाच्या कडेला लामाय मावशीकडे गेला तो नेहमीसारखा, तिच्या लपणात, पाखरांना न दिसता बसायच्या आडोशात, कॅमेरा लावून बसायला. पण मावशीने आधी त्याला हाताला धरून ओट्यावर बसवलं.

"परवा तुझ्या काकांना जाऊन शंभरावा दिवस. विधीला भिक्षू येतील. समोर फोटो कुठला ठेवू?"

"अंत्यविधीला होता तो?"

"ओळखपत्रावरचा? पकडलेल्या चोरासारखा दिसतो त्यात! वीस वर्षं फोटो काढताय मेल्यांनो, एकात तरी असेल की माझा माणूस?"

सोमनुकने आठवून पाहिलं. नव्हता. चेम काका पाणवठ्यापाशी झाडाच्या रुंद मुळाआड उकिडवे बसत आणि मासळीच्या पेटीचं पांढरं थर्माकोलचं झाकण तिरपं धरून सावलीतल्या पाखराच्या छातीवर उजेड टाकत. पाखरं त्यांना बुजत नसत. "खाली वाक, त्याच्या डोळ्याच्या उंचीला ये," ते कुजबुजत. "ते बघतंय तिकडे जागा सोड." आणि त्यांचं कोपर चुकून चौकटीत आलंच, तर फोटो काढायला येणारे सगळे घरी जाऊन ते कापून टाकत. सोमनुकनेही कापलं होतं. कितीदा तरी.

"शोधतो मावशी," तो म्हणाला. गोड बोलून वेळ मारून नेणं दुकानदाराला काही नवं नसतं, पण हे बोलताना तो उगाच कॅमेऱ्याचा पट्टा सोडवत राहिला.

"शोध बाबा. मी जरा पडते आत. हल्ली या वेळेला झोप आवरतच नाही."

लपणात तो एकटाच होता. आभाळ गच्च भरलेलं. कुजक्या पानांचा ओला वास. किर्र करणारे किडे एकदम थांबले आणि निळा नवरंग टुणटुणत येऊन फांदीवर बसला. त्या अंधारात तो नुसता काळा ठिपका दिसत होता.

"गेला फोटो," सोमनुक पुटपुटला.

तेवढ्यात पाखराच्या छातीवर उजेड चढू लागला. डावीकडून, मऊ, अगदी बेताचा. डोळ्यात बारीकसा ठिपका लकाकला. वर ऊन नव्हतं... मुळाआड कुणी नव्हतं...

"काका...?"

मासळीचा वास आला. पाखरू बुजलं नाही. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं मुळाकडे मान वळवून थांबलं.

असा फोटो जन्मात एकदा मिळतो. बोट बटणावर होतं. सोमनुकने कॅमेरा पाखरावरून काढला, मुळाकडे वळवला आणि बटण दाबलं. उजेड विझला.

कॅमेऱ्यात पाहिलं तर नुसता काळोख. तरी तो तसाच गावातल्या फोटोवाल्याकडे गेला. "उजळेल तेवढं उजळा," तो ओशाळून म्हणाला. "एखादा म्हातारा दिसला, तर विधीसाठी मोठी प्रत काढा."

फोटोवाला बराच वेळ पडद्याशी झटत राहिला. मग म्हणाला, "आहेत की म्हातारे! झकास हसतायत. विधीला हवा ना? मग शेजारच्या बाईंना कापू?"

"कोण बाई?"

"ह्या काय... खांद्याला टेकून बसल्यात."

सोमनुकने वाकून पाहिलं. घाईने फोटोवाल्याचा हात धरला.

"नको," तो म्हणाला. "कुणालाच कापू नका."

परतला तेव्हा मावशी नुकतीच उठून पायरीवर केस विंचरत होती. शंभर दिवसांत तिचा चेहरा इतका निवांत त्याने पाहिला नव्हता. तो फोटोचं बंद पाकीट छातीशी धरून समोर उभा राहिला.

मावशी नव्या नवरीसारखी लाजली.

"फोटोत डोळे मिटलेले नाहीत ना रे आले माझे?"