चिखल वाळेपर्यंत

मारित होल्म पलंगावर आडवी झाली आणि डोक्यावरच्या छतातलं झाकण वरून कुणीतरी उघडलं.

ती काही झोपायला आली नव्हती. अर्डिसबाईंच्या जुन्या गाड्यांच्या आवारात ती कॅम्पर बघायला आली होती. ट्रकच्या पाठीवर बसवायची ती एक बुटकी खोली : एक शेगडी, एक कपाट, एक पलंग. पलंग आपल्याला पुरतो का, एवढंच पाहावं म्हणून तिनं बूट काढले, पाय ताणले... आणि तेवढ्यात वर चौकोनी आकाश दिसलं. आकाशात एक उलटं डोकं. त्या डोक्याच्या ओल्या केसांतून पाण्याचा एक थेंब सुटला, तो नेमका तिच्या कपाळावर.

"अरे बापरे," डोकं म्हणालं. "आत कुणी आहे होय!"

"आहे ना! गळतंय का हे?"

"छे, छे. टपावर पाणी ओतून तपासतोय मी. कॅम्पर कोरडा आहे... मीच भिजलोय."

मारितला हसू फुटलं. झाकण झटकन बंद झालं, शिडीवर धडपड ऐकू आली, आणि दारात एक उंच, लाजाळू माणूस टोपी पिळत उभा राहिला. लायल टेट. अर्डिसबाईंचा भाचा. गारांनी पोचे पडलेल्या गाड्या ठोकून सरळ करणं हे त्याचं काम.

"लायल, गिऱ्हाईक पळवलंस का रे?" बाहेरून अर्डिसबाईंचा आवाज आला.

"नाही मावशी... अजून नाही."

मारितची अडचण साधी होती. लुईसटाउनच्या उत्तरेला माळरानावर चार शाळा. एकेका शाळेत एक खोली, एक बाई आणि सात-आठ मुलं. दोन वर्षं त्यांना गाणं शिकवायला कुणी टिकलं नव्हतं, कारण रोज इतकं अंतर कापून घरी परतणं कुणालाच झेपत नव्हतं. मारितनं ते काम घेतलं होतं. शाळेच्या आवारातच मुक्काम करायचा, सकाळी शिकवायचं, पुढच्या शाळेला निघायचं. सोमवारी पहिला तास अँटिलोप क्रीकला. नऊ मुलं आणि नऊ कोऱ्या उकुलेली, म्हणजे चिमुकल्या गिटारी. ट्रक वडिलांचा होता, दणकट. प्रश्न एवढाच, की राहायची खोली ट्रकच्या पाठीवर घ्यायची की मागं जोडायची. दोन्हींपैकी एकच परवडणार होती.

आणि कॅम्परशेजारीच तो उभा होता ना... छोटा ट्रेलर. अंड्यासारखा गोल, पांढरा. आत खिडकीशी टेबल, समोरासमोर दोन बाकडी, पिवळे पडदे. मारित त्यात शिरली ती बाहेर यायलाच तयार होईना.

अर्डिसमावशींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आज शनिवार. ट्रेलर जोडून शाळेपर्यंत जाऊन ये. लायल येईल बरोबर, नाहीतर माझा ट्रेलर कुठंतरी खड्ड्यात सोडशील. उद्या कॅम्पर लावून बघ. मग ठरव."

"मी कशाला खड्ड्यात सोडीन?" मारित म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात, पोरी."

डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळं छान चाललं होतं. वारा होता, पण तिथं वारा नसेल तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. पुढचे वीस मैल मातीचे. पश्चिमेला ढग काळा होताना लायलनं पाहिलं. त्यानं टोपी खाली ओढली.

"बोला की. काय झालं?"

"काही नाही... पाऊस येईल."

"ऑगस्टमधला? पाच मिनिटांचा!"

पाच मिनिटांचाच आला. पण तिथली माती चिकट, पाच मिनिटं तिला पुष्कळ होतात. ती चाकांना लगडली, चाकांवर चढली, आणि ट्रेलरची चाकं फिरायचीच थांबली. ट्रक पुढं ओढतोय, ट्रेलर मागं बसतोय, असं करत करत सगळी वरात तिरकी झाली आणि शाळेच्या तीन मैल अलीकडे थबकली.

"आता?"

"आता वाट बघायची. चिखल वाळेपर्यंत इथं कुणी हलत नाही. हललं तर आणखी रुततं."

"किती वेळ?"

"ऊन पडलं तर तीन तास." तो थांबला. "तुम्हाला... चालेल ना?"

चाललं! शेगडीवर कॉफी झाली. लायलच्या डब्यात हॅमचे सँडविच होते आणि रानचेरीचा मुरांबा. छतावर उरलेला पाऊस टपटपत होता, पिवळ्या पडद्यातून उजेड येत होता. टेबल इतकं लहान, की दोघांचे गुडघे एकमेकांची माफी मागत होते.

"तुम्हाला गाता येतं?" तिनं विचारलं.

"कुत्रं घर सोडून जातं."

"कुत्र्याला काय कळतंय?"

"हुशार आहे हो ते. माझ्यापेक्षा."

तिनं ट्रकमधून एक उकुलेली आणून त्याच्या हातात दिली. त्याची बोटं जाड, तारा बारीक. तिनं त्याचं एक बोट उचलून नीट जागी ठेवलं... आणि दोघंही जरा वेळ सूर विसरले. बाहेर गवतातून ओल्या मातीचा वास येत होता.

"हा ट्रेलरच घेणार मी," ती एकदम म्हणाली. "कुठंतरी एका जागी उभा करीन. ट्रकनं शाळांना जाईन, रात्री परत येईन. जागा मात्र हवी... माहीत आहे का कुठली?"

लायलला एक जागा माहीत होती. त्याच्याच घरामागं, ओढ्याकाठी, झाडांच्या सावलीत. ओठांवर आलीसुद्धा होती. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"बघतो," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

पाचच्या सुमाराला त्यांनी चाकांवरचा चिखल खरवडून काढला आणि ट्रेलर हळूहळू परत आणला. शाळा काही दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारित पैसे घेऊनच आली. लायल दारातच उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

"ट्रेलर नका घेऊ."

"काय?"

"कॅम्पर घ्या. काल मागं लोढणं नसतं तर चाकांना साखळ्या बांधून आपण शाळेत पोचलो असतो. आणि रोज एकशेवीस मैल जाऊन-येऊन... नाताळपर्यंत दमाल. नोकरी सोडाल."

मारितचा चेहरा उतरला. काल टेबलाशी बसलेला माणूस तो हाच का? "काल तुम्हाला आवडला होता की ट्रेलर."

"आवडलाच."

"मग? इतकी घाई का झाली मला लांब पाठवायची? तुमचा काय संबंध मी कुठं राहते याच्याशी?"

"घ्या! बोल आता," मावशी कॉफीचा पेला घेऊन खुर्चीत बसत म्हणाल्या. "काल रात्री माझं डोकं खाल्लंस, ते तिला सांग ना."

"मावशी..."

"मी बहिरी आहे असं समज."

लायलनं टोपी काढली. परत घातली. परत काढली.

"ट्रेलर घेतला असतात तर तुम्ही माझ्या घरामागं राहिला असतात," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "जागा आहे माझ्याकडे. वीज आहे. ओढा आहे. रोज संध्याकाळी तुमच्या खिडकीत दिवा दिसला असता. मला तेच हवंय... कालपासून दुसरं काही सुचत नाही. पण पाऊस आला, की ती नऊ मुलं उकुलेलीची वाट बघत बसणार. दोन वर्षं बसलीच आहेत. माझ्या घरामागच्या दिव्यासाठी मी त्यांना अजून कसं बसवू?"

 मारितच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही. दोन्हींना एकदम जागा होत नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "कॅम्पर द्या."

लायलनं मान डोलावली. जड मनानं, पण मनापासून.

"आणि लायल... शाळा आठवड्यातून चारच दिवस असतात, हे माहीत आहे ना? शुक्रवार, शनिवार, रविवार मी काय शाळेच्या आवारात सशांना गाणं शिकवू? ही खोली ट्रकवरून उतरते की नाही?"

"उतरते! चार पायांवर उभी राहते. चारही कोपऱ्यांना दांडे फिरवायचे, थोडे थोडे, सारखे. एकटं असलं तर फार फेऱ्या होतात..."

"दोघं असले तर?"

"दोघं असले तर... बरं पडतं."

"मग दर शुक्रवारी तुझ्या घरामागं उतरवू. चालेल तुला?"

तिनं 'तुला' म्हटलं, आणि लायलच्या कानापर्यंत लाली चढली. "चालेल," तो म्हणाला. "सोमवारी चढवायलाही मी असेन. कुठल्याही सोमवारी."

"किती सोमवार?"

"तू मोज... मी दमणार नाही."

लगेच कामाला लागावं लागलं, खोली पायांवर उंच उचलून तिच्याखाली ट्रक सरकवायचा होता आणि उद्या पहाटे निघायचं होतं. मारित एका कोपऱ्याला, लायल समोरच्या. "एक, दोन, तीन, चार, बदल!" ती ताल धरून ओरडायची, दोघं पळत दुसऱ्या कोपऱ्यांना जायचे, परत "एक, दोन, तीन, चार!" खोली बोटबोट वर चढली. पळता पळता दोघं एकाच कोपऱ्यावर येऊन धडकले. एकच दांडा, त्यावर दोन हात. कुणीच हात काढला नाही. मोजणी थांबली.

"मारित," तो हळूच म्हणाला, "तू मला फार आवडतेस."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि जवळ सरकली. "तूही मला... फार."

वर खोली एका बाजूला चांगलीच कलली होती. आत कपाटातल्या बशा घसरून खळखळल्या. अर्डिसमावशींनी ओरडायला तोंड उघडलं, मिटलं. मग खुर्ची उचलली, रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि उरलेली कॉफी सावकाश प्यायला बसल्या.