डाळिंबी लोकर

बेल वाजली तेव्हा चिऊ प्रिंटरवर खेकसत होती. ‘प्रिंट’ दाबून दाबून तिचं बोट दुखायला लागलं, तरी तो पठ्ठ्या ढिम्म हलत नव्हता. दार उघडलं, तर वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेला तरुण बाहेर उभा… आणि त्याच्या हातात तिचेच कागद!

“हे माझ्या प्रिंटरमधून आले,” तो म्हणाला. “न मागता, वायफायवरून. कसले फोटो आहेत? विटांचे?”

“विटा? लोकरीचे गुंडे आहेत ते! डाळिंबी रंगाचे!”

“असं?” त्यानं कागद उजेडाकडे धरला, डोळे मात्र कागदावर नव्हते. “मग डाळिंबं थोडी भाजली गेलीत.”

चिऊला राग यायला हवा होता, पण आलं हसू.

तरी प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चिऊची मावशी घरीच लोकर रंगवून विकायची, आणि चिऊ घरच्या घरी फोटो काढून, छापून जे नमुन्याचं पान बनवायची, त्यावरून गिऱ्हाईक रंग निवडायचं. गेल्या खेपेला पानावर एक रंग आणि पार्सलात भलताच! निम्मी लोकर परत आली. आता रविवारी मावशीचं दुकान उघडणार होतं. या वेळीही पान चुकलं तर काम बाहेर देईन, असं तिनं भाचीला तोंडावर सांगितलं होतं. मावशी एरवी लाड करायची, पण रंगाच्या बाबतीत भीडभाड नाही.

वरचा तरुण एका छापखान्यात पुस्तकांतल्या चित्रांचे रंग जुळवायचा. दुसऱ्याच दिवशी तो एक छोटं यंत्र घेऊन खाली आला आणि ते त्यानं तिच्या स्क्रीनवर लटकवलं. स्क्रीन एकेक रंग दाखवत राहिला, यंत्र मोजत राहिलं, आणि ही दोघं शेजारी शेजारी बसून नुसती बघत राहिली.

“तुमचा स्क्रीन जरा जास्तच उत्साही आहे,” तो म्हणाला. “सगळं उजळ दाखवतो. तुम्ही त्याचं ऐकून फोटो गडद करता, आणि कागदावर तो काळवंडतो.”

“आणि प्रिंटर?”

“त्याची तऱ्हा वेगळी. कागद बदलला की आणखी वेगळी. म्हणून प्रत्येक कागदाचं प्रोफाइल असतं. या कागदावर हा प्रिंटर कुठला रंग कसा उमटवतो, याची सगळी माहिती. छापताना ते निवडायचं, की रंग ताळ्यावर येतो.”

“माणसांचं मिळतं का हो असं प्रोफाइल?”

“कुणाचं हवंय?”

“कुणाचं नाही… सहज विचारलं.”

तिचे कान तापले. तो गालातल्या गालात हसला.

मग तो रोज येऊ लागला. दोघं खिडकीशी उभी राहून कागदावर लोकर ठेवायची, आणि एकाच गुंड्यावर दोघांची बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळायची. छापायला बसली की चिऊ प्रोफाइल निवडायला हमखास विसरायची. शेजारी तो बसलेला असताना कुणाला काय आठवणार! एकच गोष्ट तिला खात होती. रविवारी काम संपलं, की त्याला खाली यायला निमित्त उरणार नव्हतं.

रविवारी सकाळी मावशी पानं न्यायला आली. तोही आला. चिऊनं नुकताच सगळा गठ्ठा छापला होता, तो मावशीनं उचलला आणि कपाळाला हात लावला. डाळिंबी रंग चक्क जांभळा झाला होता!

“मी प्रोफाइल निवडलं होतं!” चिऊ रडकुंडीला आली. “आज आठवणीनं निवडलं, शपथ!”

त्याचा चेहरा उतरला. “निवडलंत? तुम्ही रोज विसरता, म्हणून… काल जाताना मी तुमच्या प्रिंटरचीच रंगदुरुस्ती चालू करून ठेवली. एकाच रंगाची दोनदा दुरुस्ती झाली.”

“मग सांगायचं ना!”

“वाटलं, तुम्हाला राग येईल.”

मावशीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “तुम्हा दोघांना खोडच आहे ही. ही मला परवा म्हणते, रविवारनंतर तो येणार नाही म्हणून घास उतरत नाही. हा काल मी इथे आले तेव्हा मला जिन्यात गाठून विचारतो, हिचं कुठे ठरलंय का. मला सगळं ठाऊक, आणि एकमेकांना पत्ता नाही! मी काय तुमची टपालपेटी आहे? आता दोन्हींतली एक दुरुस्ती बंद करा नि माझी पानं छापा. मी खाली गाडीत बसते.”

दार लागलं. त्यानं प्रिंटरची दुरुस्ती बंद केली. नवं पान आलं. चिऊनं ते खिडकीशी नेऊन त्यावर गुंडा ठेवला. लोकर कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो, तेच कळेना.

“जमलं,” ती म्हणाली, पण आवाज रडवेला होता.

“हो.” तो तिच्यामागे येऊन उभा राहिला. “आता मला खाली यायला कारण नाही.”

चिऊ गर्रकन वळली. “कारण कशाला हवं? तू आवडतोस मला. रोज ये.”



“मलाही तू…” तो अडखळला. “पहिल्या दिवसापासून. मावशींना मी तेच…”

“मावशीला नको,” तिनं त्याचा हात धरला. “मला सांग. सगळं, पहिल्यापासून.”