उरलेली अक्षरं

ती रुग्णालयातल्या खाटांशेजारच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायची. श्वास मंदावला की यंत्रानं सिस्टरच्या पडद्यावर एक ओळ पाठवायची, एवढंच काम. ओळ पाठवली की किती अक्षरं लिहून झाली, तो आकडा परत येतो. मध्येच काही आडवं आलं तर तो कमी येतो, मग उरलेली अक्षरं पुन्हा पाठवावी लागतात. हा आकडा तिनं कधी तपासलाच नव्हता. घाईगडबडीत राहून गेलं होतं.

सात नंबरच्या खाटेवर तिचा धाकटा भाऊ होता, किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेला. त्या दुपारी पडद्यावर ‘खाट सात: श्वा’ एवढंच उमटलं. पडदा बिघडला असेल म्हणून सिस्टरनं त्याला टिचकी मारली आणि ती औषधं वाटायला गेली.

“आता दुरुस्त करून काय उपयोग?” भिंतीकडे तोंड करून आई म्हणाली होती.

काहीच नव्हता. तरी तो गेल्याच्या अकराव्या दिवशी ती यंत्रखोलीत येऊन बसली. पंख्यांची घरघर, तापलेल्या प्लास्टिकचा वास. काम चार ओळींचं: अक्षरं उरली तर शेवटचं जाईपर्यंत पाठवत राहा, काही चुकलं तर कळव. तिला रडूही येईना. चार ओळी!

चाचणीसाठी तिनं तीच ओळ सात नंबरवरून पाठवली. खाट रिकामी होती, यंत्राच्या वायरी गुंडाळून ठेवलेल्या.

‘लेखन मध्येच थांबलं. उरली अक्षरं: तेवीस.’

प्रोग्रामनं आपणहून पुन्हा पाठवलं.

‘उरली अक्षरं: एकतीस.’

उरलेलं वाढेल कसं? अख्खी ओळ मिळूनही तेवढी अक्षरं नव्हती. तिनं चारही ओळी बोट ठेवून वाचल्या. चूक सापडेना.

चाळीस. अठ्ठावन्न.

फोन वाजला. वॉर्डातून सिस्टर बोलत होती. “मॅडम, सात नंबरवरून काहीतरी येतंय. थांबतच नाही.”

“काय येतंय?”

“श्वास मंदावला, ताबडतोब या. मग… पाणी द्या. खिडकी उघडा.” सिस्टर अडखळली. “चाचणी आहे ना ही? तुम्हीच लिहिलंय ना?”

“हो,” ती म्हणाली.

तिचा हात बंद करायच्या बटणावर गेला. एक दाब, की सगळं शांत.

पण म्हणजे पुन्हा मध्येच तोडायचं.

तिनं हात मागे घेतला.

एकशे नऊ.

मग सिस्टर अगदी हळू आवाजात म्हणाली, जवळ कोणी झोपलेलं असावं तशी.

“ताई निघाली का, विचारतोय. काय सांगू?”

तिनं डोळे मिटले.

“निघाली म्हणा.”

डोळे उघडले तेव्हा आकडा पहिल्यांदाच एकानं कमी झाला होता.

मग आणखी एकानं.