दारावरची ड्यूटी

विश्वास ठेवा, नाहीतर हसून सोडून द्या. मी मृणाल, भिलाईत वैशाली नगरात राहते. हे माझ्याच घरात घडलं, गेल्या मे महिन्यात, भर दुपारी.

पण सुरुवात झाली अंदमानातल्या एका लहानशा बेटावर.

माझे मिस्टर प्रवीण आणि त्यांचा दोस्त नरहरी, दोघं प्लांटमध्ये ठेक्यावर फिटर. जागा एकच, शिफ्ट एकामागून एक. तिथला नियम पक्का: पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीवर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढे दोघं मिळूनच त्या बेटावर धक्का बांधायच्या कामाला गेले.

आणि चक्रीवादळ आलं.

सकाळी नरहरी बोट बांधायला किनाऱ्यावर गेला. तो परतलाच नाही...

बाकीचे एका गोदामात शिरले. दार पन्हाळी पत्र्याचं, कडी तुटलेली. दार गेलं असतं तर छप्पर गेलं असतं, माणसंही गेली असती. प्रवीण दाराला पाठ लावून उभे राहिले. तासन्‌तास. शेवटी पाय लटपटू लागले.

तेवढ्यात खांद्यावर हात आला... ओला, थंडगार.

"हट बे. मी आलो. तू जाय."

आवाज नरहरीचाच. प्रवीण बाजूला झाले आणि कोपऱ्यात कोसळले.

वारा थांबल्यावर बघतात तर दाराशी कोणीच नाही. तरी दार जागचं हललं नव्हतं.

मग सगळे हाल सुरू झाले. विहिरी खारट, फोन बंद, नारळाच्या पाण्यावर दिवस काढायचे. पडलेली झाडं उचलताना नरहरी सापडला, लांब वाळूत. सकाळीच जीव गेला असणार, असं सगळे म्हणाले.

त्याच्या पाठीवर मात्र पन्हाळी पत्र्याच्या उभ्या रेघा उमटल्या होत्या...

प्रवीण घरी आले. पण वारा सुटला की दाराकडे बघत बसायचे. मला फार भीती वाटायची.

त्या दुपारी वावटळ उठली. लाईट गेली. आमचं दार धाडधाड आपटू लागलं. मी कडी लावायला धावले...

दार एकदम गप्प झालं. बाहेर वारा घोंगावतच होता.

उंबऱ्याशी पाणी साचलं होतं. पाऊस तर आलाच नव्हता. दारापलीकडून नरहरीचा आवाज आला,

"प्रवीण... मले सोडवाले कवा येशीन बे? कवाचा उभा आहो मी."

प्रवीण उठले. शांतपणे सेफ्टी शूज घालू लागले.

"कुठं चालले तुमी?"

"ड्यूटीवर. माह्या जागी उभा हाय तो. मी नाही गेलो तर सुटन कसा?"

मी हात धरला, त्यांनी झटकला. काय सुचलं कोण जाणे, मीच जाऊन दाराला पाठ लावली आणि ओरडले,

"नरहरी भाऊजी, तुमी जा! मी आली!"

कानाशी कोणीतरी लांब सुस्कारा टाकला...

मग दाराचा सगळा भार माझ्या पाठीवर आला.

प्रवीण आता बरे आहेत. वारा सुटला तरी घोरतात. माझे पाय मात्र आपसूक दाराकडे वळतात.

काल पाठ दुखत होती, म्हणून लेकीला तेल चोळायला सांगितलं. साक्षीचा हात मध्येच थांबला.

"मम्मी, ये लाइनें कैसी? पत्र्यासारख्या दिसून राहिल्या."

आमचं दार लाकडाचं आहे. अगदी सपाट.

आज सकाळपासून पुन्हा वारा सुटलाय, आणि मला सोडवायला कोण येणार, तेच कळत नाही.