सातव्या घरचं पिल्लू

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्यावं. मागाहून मला विचारू नये, की हे खरं का खोटं.

मी ऐकीव सांगत नाही. जिच्यावर हे बेतलं ती माझी आई. आणि तिनं उभ्या आयुष्यात कधी गोष्ट रचून सांगितली नाही. तेवढी सवडच नव्हती तिला.

साल १९७३. सोलापूर, साखर पेठेतली विणकरांची गल्ली. मे महिन्यातली अमावस्या, बुधवार.

रात्र नव्हे. भर दुपार.

आईचं नाव रत्नम्मा. गोष्टीत मी तिला रत्नम्माच म्हणणार, कारण त्या वेळी ती कुणाची आई नव्हती. दोन लेकरं झाली होती. मुलगा बत्तीस दिवसांचा होऊन गेला, मुलगी एकोणीस दिवसांची. डॉक्टर म्हणाले अशक्त होती. सासू म्हणाली नशीब. रत्नम्मा तेराव्या दिवशी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसली.

बहात्तरचा दुष्काळ अजून उठला नव्हता. सूत मिळत नव्हतं, म्हणून नवऱ्याचा, नरसप्पाचा, माग बंद. घर चालायचं ते तिच्या बिड्यांवर. नळाला पाणी चार दिवसांआड. टँकर आला तर आला. प्यायलाच पुरत नव्हतं, तिथं हात धुण्याची चैन कोण करणार? बिड्या वळून उठायची, पदराला हात पुसायची, की झालं.

घरातला माग खड्ड्याचा. विणकर वर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो. त्या रिकाम्या खड्ड्यात एका मांजरीनं चार पिल्लं घातली.

ही मांजर कुणाची नव्हती. राखी रंगाची, डावा कान फाटलेला, म्हणून गल्लीत तिला कानफाटी म्हणत. माणूस दिसलं की फिस्कारायची. पण सुताला खळ असते, खळीसाठी उंदीर येतात आणि सूत कुरतडतात. म्हणून विणकराच्या घरातून मांजरीला कुणी हाकलत नाही.

रविवारी सकाळी टँकर आला. घागरी घेऊन बाया धावल्या, आणि त्या गर्दीत कानफाटी चाकाखाली आली.

रत्नम्मानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं शेपटीला धरून उचललं आणि गाडीत टाकलं. डावा कान फाटलेला. त्यात शंकेला जागा नव्हती.

हे लक्षात ठेवा.

घरी आली तर खड्ड्यात चार जीव चीं चीं करत होते. डोळेसुद्धा उघडले नव्हते. नरसप्पा म्हणाला, नाल्याकडं ठेवून ये, माणसांना पाणी नाही आणि तू मांजरं पोसणार का? रत्नम्मानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. 

तिनं बिडीच्या पानांची टोपली रिकामी केली, जुनं लुगडं अंथरलं, आणि पिल्लं त्यात ठेवली. ही चार मरू द्यायची नाहीत, असं तिनं ठरवलं. का ठरवलं, ते मी सांगायला नको.

गल्लीच्या टोकाला अमिनाबीचं घर. आमचं धरून सातवं. तिच्याकडं दोन शेळ्या होत्या. शेळीचं वाटीभर दूध तिनं काही न घेता दिलं. रत्नम्मा कापूस बोटांत वळून बारीक वात करायची, दुधात बुडवायची आणि पिल्लाच्या तोंडात धरायची. वात चोखत नसलं, तर बोट बुडवून द्यायची. बोट मात्र चोखायची लबाडं. दर दोन तासांनी चौघांना पाजायचं, मधल्या वेळात बिड्या. रात्रीची झोप गेली. बिड्या कमी पडायला लागल्या. बिडी कारखान्यात तपासनीस निम्म्या बिड्या छाट, म्हणजे खराब, म्हणून समोर फेकायचा, आणि ती दात खाऊन वेचून घ्यायची.

सोमवारी संध्याकाळी पहिलं पिल्लू गेलं.

दूध प्यालं, आणि घटकाभरानं त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. अंग थरथरलं. मग ते लुळं पडलं.

रत्नम्मा तशीच उठली आणि अमिनाबीच्या दारात जाऊन उभी राहिली. तुझ्या शेळीनं काय खाल्लंय, असं विचारलं. अमिनाबीला लागलं ते. हेच दूध माझी नातवंडं पितात, ती म्हणाली. शब्दाला शब्द वाढला. शेवटी रत्नम्मानं शपथ घेतली, की या घराचा उंबरा पुन्हा चढणार नाही. दूध तिनं दुसरीकडून आणलं.

मंगळवारी दुपारी गिरणीचा बाराचा भोंगा झाला. गल्लीतले माग बंदच होते. नरसप्पा सुताच्या चौकशीला गेलेला. उन्हानं पत्रा तडतडत होता. रत्नम्माचा बसल्या जागी डोळा लागला.

आणि आवाज आला...

चप... चप... चप...

चाटण्याचा आवाज. टोपलीतून येत होता.

तिनं डोळे उघडले. आवाज थांबला.

टोपलीजवळ कुणी नव्हतं. पण पिल्लं ओली होती. डोक्यापासून शेपटीपर्यंत, केस एका बाजूला वळलेले. आई चाटून काढते, तशी.

आणि पिल्लं दोनच होती.

तेवढ्यात तिचं उजव्या हाताचं पहिलं बोट चुरचुरलं. त्यावर तीन ओरखडे होते. ताजे. झोपेत खरचटलं असेल, म्हणून तिनं ते पदरानं पुसलं.

तिसरं पिल्लू सापडलं शेजारच्या निंगव्वाच्या चुलीमागं. निंगव्वा म्हणाली, मी तर चुलीपासून हलले नाही, आलं कुठनं हे? रत्नम्माला वाटलं, कुणाचा तरी बोका पिल्लं पळवतोय. बोके मारून टाकतात पिल्लांना. तिनं ते घरी आणलं, उराशी धरलं, बोट दुधात बुडवून पाजलं.

दिवेलागणीला ते गेलं. तशीच लाळ, तशीच थरथर.

रत्नम्माचं डोकं फिरायची पाळी आली. दूध बदललं, ऊब दिली, जागरणं केली. अजून काय करायचं माणसानं? तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. आपल्या हाताला यशच नाही, असं तिला वाटायला लागलं. ते वाटणं तिच्या ओळखीचं होतं.

बुधवारी, अमावस्येला, तिनं टोपलीवर दुरडी पालथी घातली आणि दुरडीवर पाटा ठेवला. दगडी पाटा, एका हातानं उचलत नाही असा. दाराला आतून कडी घातली. टोपलीसमोर सूप घेऊन बसली आणि बिड्या वळायला लागली. आज बोका येऊ दे, कात्रीच घालते, असं तिनं मनाशी म्हटलं.

बाराचा भोंगा झाला.

कावळेसुद्धा गप्प झाले.

चप... चप...

दुरडीच्या आतून.

तिच्या हातातली बिडी सुटली. आतली पिल्लं चीं चीं करत नव्हती. चार दिवसांत पहिल्यांदा ती गप्प होती. आणि चाटण्याच्या आवाजाखाली दुसराही एक आवाज होता...

गुर्र... गुर्र... पिल्लं अंगाला लागली, की मांजर करते ती गुरगुर.

रत्नम्माला उठता येईना. पाटा जागच्या जागी होता. दुरडी हलली नव्हती. मग गुरगुर थांबली, आणि तिच्या पावलांवरून काहीतरी गेलं. मऊ. थंडगार. त्या उन्हात थंड.

तिनं दोन्ही हातांनी पाटा ढकलला, दुरडी उचलली.

टोपली रिकामी.

जमिनीवर तंबाखूची भुकटी सांडली होती. भुकटीत पावलं उमटली होती, टोपलीपासून दारापर्यंत. जाणारी. येणारं एकही नव्हतं. दाराची कडी तशीच होती.

दुसरी बाई असती तर ओरडत पळाली असती. रत्नम्मानं कडी काढली आणि पिल्लं शोधायला निघाली. भीतीपेक्षा संताप मोठा होता तिचा. निंगव्वाचं घर पाहिलं. त्यापुढचं पाहिलं. घरोघरी चुलीमागं, मागाखाली, लाकडांच्या ढिगात हात घातला. सहाव्या घरी धान्याच्या कणगीमागं एक पिल्लू सापडलं. त्यापुढचं, सातवं घर अमिनाबीचं.

त्या दारापर्यंत ती गेली, आणि मागं वळली. शपथ घेतली होती ना.

सापडलेलं घरी आणलं, पाजलं, आणि दिवेलागणीला तेही गेलं.

तिघं तिच्या मांडीवर गेली होती. चौथं कुठं होतं ते ठाऊक नव्हतं.

रत्नम्मा उंबऱ्यावर बसली आणि रिकाम्या गल्लीकडं बघून बोलली. आवाज चढवून नव्हे, दात आवळून.

"मेलीस न्हवं? मग मेल्यासारखी ऱ्हा की. माज्या हातातली जित्ती पिल्लं कशाला नेतीस?"

 तिच्या बोटावरचे ओरखडे रात्रभर ठणकत राहिले.

पंधरा दिवस गेले. एके दिवशी अमिनाबी स्वतःहून दारात आली. चल म्हणाली, एक दाखवायचंय. शपथ मोडून रत्नम्मा गेली.

शेळीच्या गव्हाणीत, कडब्यावर, चौथं पिल्लू बसलं होतं. राखी. डोळे उघडलेले. अंगानं गुबगुबीत.

अमिनाबी म्हणाली, मी याला थेंबभर दूध पाजलं नाही, आजच दिसलं मला. मग पंधरा दिवस याला पाजलं कुणी? अमिनाबीनं एवढंच सांगितलं, की रोज दुपारी बाराला शेळ्या दावं ताणून कोपऱ्यात सरकतात. समोर कुणी नसतं.

अमिनाबीनं पिल्लू उचललं. ते गप्प राहिलं. मग रत्नम्मानं हात पुढं केला.

पिल्लू फिस्कारलं. पाठ उंच करून मागं मागं सरलं. तिच्या तोंडाकडं ते बघतच नव्हतं. बघत होतं तिच्या बोटांकडं.

अमिनाबीनं रत्नम्माचा हात धरला, नाकाशी नेला, आणि सोडला. 

"रत्नम्मा, रागावू नको. तुजी बोटं हुंग. सगळी तमाकू हाय. हीच बोटं चोखाय देत हुतीस न्हवं त्यास्नी?"

रत्नम्मानं बोटं नाकाशी नेली.

तिला तीन पिल्लं आठवली. मग बत्तीस दिवसांचा मुलगा आठवला. एकोणीस दिवसांची मुलगी आठवली. बिड्या वळताना लेकरू मांडीवर असायचं. रडलं, की उठायला सवड नसायची. म्हणून गुळाच्या पाण्यात बोट बुडवून चोखायला द्यायची. हेच बोट. ओरखडे होते तेच.

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. तंबाखूनंच गेली, असं मीही म्हणत नाही. मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी ती घरी आली आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा माठ हातांवर ओतून रिकामा केला. नरसप्पा बघत राहिला. दुष्काळात. 

पुढच्या वर्षी मी झाले.

आता आई मला घ्यायच्या आधी राखेनं हात घासायची. पण पोटासाठी बिड्या सुटल्या नव्हत्या, आणि माणूस चुकतं. मी वीस दिवसांची होते. दुपारी मी रडायला लागले. आई कामाच्या तंद्रीत होती. डाव्या हातानं तिनं गुळाच्या पाण्याची वाटी ओढली, बोट बुडवलं, आणि मागं न बघता हात झोळीत घातला.

झोळी रिकामी होती.

हलत होती. कुणीतरी आत्ताच उतरल्यासारखी.

दाराला आतून कडी होती.

आई अनवाणी धावली. मधली घरं तिनं पाहिलीच नाहीत. सरळ सातव्या घरात शिरली. मी गव्हाणीत होते, कडब्यावर झोपलेली. अंग कोरडं. मान तेवढी ओली होती.

मानेवर, मागच्या बाजूला, चार बारीक ठिपके उमटले होते. दोन वर, दोन खाली. रक्त नव्हतं. मांजर पिल्लाला उचलते, तेव्हा दात लावते पण रुतवत नाही.

त्या दिवसानंतर आईनं बिडी वळली नाही. लोकांची धुणीभांडी केली.

कानफाटीनं लेक वाचवली, म्हणून गल्लीतल्या बाया हात जोडायच्या. आई कधी जोडायची नाही. तिचा राग गेलाच नाही. अगदी शेवटच्या आजारपणात, मी पाय चेपत असताना, ती भिंतीकडं बघून म्हणाली, "एवडं कळत हुतं तिला, तर माज्या पयल्या दोगांच्या वक्ताला कुटं गेली हुती?"

मी पाय चेपत राहिले.

ठिपके अजून आहेत. न्हावीणबाई विचारते, मी देवीचे वण म्हणून सांगते.

आता परवा माझी लेक बाळंतपणाला येतेय. घरात बिडी नाही, तंबाखू नाही. काल दुपारी मी माळ्यावरचा पाळणा काढून पुसत बसले होते. गिरणी बंद पडून वर्षं झाली, भोंगा आता होत नाही. घड्याळात बारा वाजले.

आणि माझी मान ओली झाली...

खरखरीत काहीतरी एकदाच फिरलं.

मी मागं वळून बघितलं नाही. उठले, मोरीवर गेले आणि साबणानं हात धुतले. मग आणखी एकदा धुतले.